दोर कोणी बांधला

आमच्या भागात कोणाला मानपत्र लिहून हवं असलं की लोक माझ्याकडे येतात. ही ख्याती मी कमावलेली नाही, ती अंगाला चिकटली. चाकणच्या एका कंपनीत मी गृहपत्रिकेचं काम पाहायची. निवृत्त होणाऱ्या फिटरपासून बदली होऊन जाणाऱ्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना मीच ‘कर्तव्यदक्ष’ आणि ‘मनमिळाऊ’ ठरवलं. त्यांतले काही जण दोन्ही नव्हते, पण मानपत्राचं कोणी ऑडिट करत नाही. रावेतला राहायला आल्यावर ही बातमी सोसायटीत पसरली आणि मग सोसायटीबाहेर.

मानपत्राचा साचा ठरलेला असतो. सुरुवातीला ‘सन्माननीय महोदय’, शेवटी ‘उदंड आयुष्य लाभो’, भोवती सोनेरी महिरप. मधली जागा माणसाप्रमाणे बदलते, असं म्हणतात. फारशी बदलत नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला आमच्या इथले भाऊ आले. भाऊ म्हणजे जुन्या रावेत गावातले. आमचा टॉवर उभा आहे ती जमीन त्यांच्या आजोबांची होती. आता ते नगरसेवक व्हायच्या तयारीत होते आणि तयारीचा भाग म्हणून प्रजासत्ताक दिनाला शूरवीरांचा सत्कार ठेवला होता.

“मॅडम, आपल्या बिल्डिंगमदला सुभेदार साहेब या टायमाला हो म्हनलाय,” ते सोफ्यावर बसता बसता म्हणाले. “इतकी वर्सं न्हाई न्हाई करत होता. आता जोरदार मानपत्र पायजे. ऐकनाऱ्याच्या अंगावर काटा आला पायजे.”

“काटा किती मोठा?” मी विचारलं.

“तुमी बी ना, मॅडम,” असं म्हणून ते हसले. मग चहा पिऊन फ्लेक्सचा मजकूरही माझ्याकडून तपासून घेतला. फ्लेक्सवर भाऊंचा फोटो दारातून आत येणाऱ्या माणसाएवढा होता. सुभेदारांचा कोपऱ्यात, पासपोर्टच्या मापाचा.

सुभेदार आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या लढाईत त्यांना शौर्यपदक मिळालं होतं. फौजेतून बाहेर पडल्यावर ते चाकणला एका कारखान्याच्या सुरक्षा विभागाचे प्रमुख झाले. डाव्या पायाने किंचित लंगडायचे. लिफ्ट असूनही जिना चढायचे. सत्काराचं आमंत्रण आलं की त्यांना हमखास ड्युटी असायची. हा माणूस आताच का तयार झाला, याचं मला कुतूहल होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच वर आले.

“ताई, मानपत्र तुम्ही लिहिताय ना? त्यात एक वाक्य घालायचंय. तेवढ्यासाठीच मी हो म्हटलंय.”

मी वही उघडली. त्यांनी ती मिटायला लावली. आधी ऐका, म्हणाले.

“माझा एक जोडीदार होता, दापोडीचा. फौजेत दोघांची जोडी लावून देतात. खाणं, पहारा, झोप, सगळं मिळून. आम्हाला एक कडा चढून वरची चौकी घ्यायची होती. सरळ भिंत होती हो. पहिला तो चढला, दोर घेऊन. वर खडकाला दोर बांधला. त्या दोराने आम्ही बाकीचे वर गेलो. मी वर तोंड काढलं तेव्हा तो एकटा शत्रूशी झुंजत होता. माझ्या डोळ्यांसमोर त्याला गोळी लागली आणि तो मागच्या मागे कड्यावरून खाली गेला. पुढे जे झालं ते तुम्ही मानपत्रात लिहिणारच आहात. मी सोडून आमच्यातलं कोणी उरलं नाही. दुसरी तुकडी आली तेव्हा चौकीत मी एकटा जिवंत, तोही बेशुद्ध. दोर वर बांधलेला. त्यांनी धरलं की दोर मीच बांधला, पहिला मीच चढलो.”

“आणि जोडीदार?”

“बर्फ वितळल्यावर सापडला. कड्याच्या पायथ्याशी. पायथ्याशी कोण सापडतं, ताई? जो वर गेलाच नाही तो. नाहीतर परत पळाला तो.”

“तुम्ही सांगितलं नाही कोणाला?”

“इस्पितळात तोंड उघडता आलं तेव्हा पहिलं हेच सांगितलं. एक साहेब माझा जबाब लिहून घेत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुझ्यासारखे जवान आहेत म्हणून देश आहे.” सुभेदारांनी मिटलेली वही माझ्याकडे सरकवली. “पेन परत उचललं नाही त्यांनी.”

मग त्यांनी आताचं कारण सांगितलं. दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला जोडीदाराची वस्ती. त्या वस्तीतून पिढ्यान् पिढ्या माणसं फौजेत गेली होती. विहाराच्या आवारात लढाईत पडलेल्यांच्या नावांची शिळा बसवायचं कमिटीने ठरवलं होतं, वैशाखी पौर्णिमेला. नावं ठरली. जोडीदाराच्या नावावर घोडं अडलं. तो पळताना पडला, असं त्याच्याच पलटणीतला कोणीतरी तेव्हा सांगून गेला होता आणि जुन्या मंडळींनी ते मनात धरून ठेवलं होतं. त्याची बायको तिथेच राहत होती.

“वहिनींना, त्याच्या बायकोला, मी तेव्हाच सांगितलं होतं, त्यांना ती नुसती समजूत वाटली. कमिटीच्या लोकांना मी भेटलो. ते माझं चहापाणी करतात, फोटो काढतात आणि विषय बदलतात,” सुभेदार म्हणाले. “म्हटलं, चारचौघांत, माइकवरून, माझ्याच मानपत्रात आलं तर मानतील. वहिनींना आणि कमिटीच्या अध्यक्षांना बोलवायचं ही माझी अट आहे. तेवढं वाक्य नीट लिहा.”

मी ते लिहिलं. विशेषणं सगळी काढून टाकली, कारण विशेषण आलं की माणूस ऐकायचं थांबतो, हा माझा नोकरीतला अनुभव. ‘तुकडी ज्या दोराने वर पोहोचली तो दोर सुभेदारांनी बांधलेला नव्हता. तो त्यांच्या दापोडीच्या सहकाऱ्याने बांधला. सर्वांच्या आधी तेच वर पोहोचले, आणि वर लढत असताना गोळी लागून कड्यावरून खाली कोसळले.’ एकाची तीन वाक्यं झाली. मी आजवर लिहिलेल्या मानपत्रांत काही माहिती असलेलं हे पहिलंच.

भाऊंनी मसुदा वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “मॅडम, जित्या मानसाचा सत्कार हाय. मयताचं कशाला मधी?”

“मग सुभेदार यायचे नाहीत.”

“फ्लेक्स लागलेत हो!”

“म्हणून तर म्हणते.”

भाऊंनी मसुदा खिशात घातला. फ्लेक्स माणसाकडून काय काय मान्य करून घेतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

सव्वीस तारखेला वहिनींना आणायला मी दापोडीला गेले. त्या एका इस्पितळात आया होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, हाडाने बारीक, बोलणं मोजकं. इस्त्रीची सुती साडी नेसून दारातच उभ्या होत्या. सत्काराला कशासाठी बोलावलंय ते सुभेदारांनी त्यांना सांगितलं नव्हतं. नुसतं ‘याच’ म्हटलं होतं. मीही बोलले नाही. सांगायचं काम त्यांचं होतं.

गाडी नाशिक फाट्याला सिग्नलवर थांबली तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, “भाऊजींचं बरं आहे. त्यांना मान मिळतो तर मला आनंदच आहे. दर दिवाळीला येतात, मुलीला काहीतरी आणतात. दुसरं कोणी आलं नाही कधी.”

“मुलगी काय करते?”

“हिंजवडीला आहे, कंपनीत. मागच्या वर्षी लग्न झालं. पाहुण्यांनी विचारलं, वडील कशाने वारले? मी म्हटलं, ड्युटीवर. ते म्हणाले, लढाईत का? मी म्हटलं, ड्युटीवर.” त्या काचेतून बाहेर बघत होत्या. “माणूस गेला ते दुःख करून झालं, मॅडम. हे दुसरं आहे ना, ते संपत नाही. माझे सासरे कारखान्यात टर्नर होते. मरेपर्यंत त्यांनी मुलाचा गणवेशातला फोटो बाहेरच्या खोलीत लावू दिला नाही.”

कार्यक्रम लॉनवर होता. प्रमुख पाहुणे उशिरा येणार होते, त्यामुळे आधी देशभक्तीपर गाणी, मग परत तीच गाणी. एकूण शूरवीर पाच होते. त्यांना पहिल्या रांगेत उन्हात बसवलं होतं, प्रत्येकाच्या पाठीला नंबर लावल्यासारखं. सावलीतल्या खुर्च्या भाऊंच्या कार्यकर्त्यांनी धरल्या होत्या. दापोडीच्या कमिटीचे अध्यक्ष आले होते, पांढरा शर्ट, हातात काठी. मी वहिनींना घेऊन त्यांच्या मागच्या रांगेत बसले.

निवेदक तरुण होता. मारुंजीला खोली घेऊन राहायचा. आठवडाभर आयटीत, शनिवार-रविवार लग्नांतल्या ‘संगीत’चं निवेदन. शौर्यासाठी त्याच्याकडे वेगळा आवाज होता, पोटातून काढलेला. त्या आवाजात त्याने सुभेदारांना पुकारलं. “मित्रांनो, जेव्हा सगळे मागे हटले, तेव्हा हा एकटा वाघ पुढे सरसावला!”

माझ्या शेजारी वहिनींनी मान खाली घातली. मागे हटलेल्यांत कोण होतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

सुभेदार व्यासपीठावर गेले. शाल आली, श्रीफळ आलं, फेटा आला. फेटा मोठा निघाला आणि भुवयांपर्यंत उतरला. मग निवेदक मानपत्र वाचू लागला. तो ती वाक्यं गाळेल अशी मला धास्ती होती. त्याने गाळली नाहीत. शब्दन् शब्द वाचला, दोराच्या वाक्यावर तर थांबून, लॉनभर नजर फिरवून वाचला. वहिनींनी मान वर केली. अध्यक्षांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. क्षणभर सगळं लॉन शांत होतं आणि मला वाटलं, झालं.

“मित्रांनो!” निवेदकाचा आवाज कापरा झाला. “बघताय ना? स्वतःच्या मानपत्रात, स्वतःचं श्रेय, आपल्या दिवंगत मित्राच्या चरणी वाहणारा माणूस! शौर्य अनेकांकडे असतं. पण ही विनम्रता? याला म्हणतात खरा हिरो! उभं राहून टाळ्या झाल्या पाहिजेत!”

लोक उभे राहिले. मागून कोणीतरी शिटी मारली.

सुभेदारांनी त्याच्या हातातून माइक घेतला. “बसा,” ते म्हणाले. “ही विनम्रता नाही. हे खरं आहे. दोर मी बांधलेला नाही.”

टाळ्या वाढल्या.

“ऐकून तरी घ्या. मी दुसरा होतो. तो पहिला होता.”

“व्वा, साहेब!” सावलीतून कोणीतरी ओरडलं. घोषणा सुरू झाल्या. सुभेदारांचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. भाऊंनी पुढे होऊन त्यांना मिठी मारली आणि फोटोग्राफरसाठी जरा वेळ मिठीतच ठेवलं. फेटा एव्हाना डोळ्यांवर आला होता.

माझ्यापुढचे अध्यक्ष डोळे पुसत होते. मागे वळून वहिनींना म्हणाले, “काय मन आहे गं माणसाचं! दोस्तासाठी एवढं कोण बोलतं?”

त्या दिवशी मला कळलं की एकदा माणूस शूर म्हणून जाहीर झाला की त्याला साक्ष देता येत नाही. तो जे काही स्वतःकडून काढून दुसऱ्याला देईल ते लोक त्याच्याच खात्यात परत जमा करतात. सुभेदारांनी खोटं बोलून आणखी दोन चौक्या घेतल्या असत्या तर कोणी हरकत घेतली नसती. खरं बोलायला मात्र पदक नसलेला माणूस हवा होता, आणि तसा कोणी उरला नव्हता.

पुढच्या रविवारी सुभेदार मला घेऊन दापोडीला गेले. तुम्ही लिहिणाऱ्या आहात, समजावून सांगाल, म्हणाले. विहाराच्या आवारात, पिंपळाखालच्या ओट्यावर अध्यक्ष आणि कमिटीतले दोघे बसले होते. वहिनींनाही बोलावून घेतलं होतं. शिळा आली होती, काळी, गुळगुळीत, भिंतीला टेकवून ठेवलेली. नावं कोरून झाली होती. तळाशी एका ओळीची जागा मोकळी होती.

“साहेब, ठरलं,” अध्यक्ष म्हणाले. “तुमच्या शब्दाखातर नाव घालतो.”

“माझ्या शब्दाखातर नको, आबा. खरं आहे म्हणून घाला.”

“तेच ते.”

“तेच ते नाही.”

“अहो, नाव लागल्याशी मतलब! तुमच्यासारख्याने मागितलं आणि आम्ही नाही म्हणावं?”

सुभेदार आणखी काही बोलणार होते. ओट्याच्या कडेला उभ्या असलेल्या वहिनी त्यांच्याआधी बोलल्या.

“नको, आबा. नका घालू.”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

“वहिनी!” सुभेदार उठले.

“भाऊजी, तुमचं मन मोठं आहे. त्या दिवशी एवढ्या लोकांत तुम्ही त्यांच्यासाठी स्वतःकडे कमीपणा घेतलात, मी जन्मभर विसरणार नाही. पण मी रोज सकाळी इथे वंदनेला येते. दयेने कोरलेलं नाव मला रोज बघवणार नाही.”

“दया कसली? मी डोळ्यांनी पाहिलंय. शपथ घेतो.”

“घ्याल. त्यांच्यासाठी तुम्ही काय वाटेल ते कराल, मला माहीत आहे.”

सुभेदार वहिनींसमोर येऊन उभे राहिले. “वहिनी, गाठ ऐका. दोराची गाठ. तो डावरा होता ना? ट्रेनिंगमधला आमचा उस्ताद त्याला रोज शिव्या घालायचा, गाठ उलटी पडते म्हणून. वर खडकाला जी गाठ होती ती उलटी होती. मी तिच्यावर हात ठेवून वर चढलो. ती माझ्या हातची गाठ नव्हती.”

वहिनींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांचा नवरा डावरा होता, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? माझा तर त्या गाठीवर पक्का विश्वास बसला. असलं काही माणूस मोठेपणासाठी रचत नाही. मोठेपणासाठी रचलेलं मी आयुष्यभर वाचलंय, ते असं नसतं.

“ती गाठ आणखी कोणी पाहिली?” वहिनींनी विचारलं.

“ज्यांनी पाहिली त्यांच्यातलं कोणी खाली आलं नाही.”

“मग तुम्हीच.”

“मीच.”

त्यांनी मान हलवली, एखाद्या आजारी माणसाचं बोलणं ऐकून हलवतात तशी. “ते डावरे होते हे लक्षात ठेवलंत, तेवढं मला पुरे आहे.”

मी मध्ये पडले. जे जे सुचलं ते बोलले. कमिटीतले दोघे आदराने ऐकत होते. वहिनी शेवटी म्हणाल्या, “मॅडम, खरं असेलही. पण मला जर कोणी नंतर विचारलं, हे कशावरून, तर मी काय सांगू? साहेबांनी मेहरबानी केली म्हणून? पळाला असं म्हणणारे निदान तोंडावर म्हणत नाहीत. आता तोंडावर म्हणतील, मित्र मोठा निघाला म्हणून नाव लागलं.”

सुभेदारांनी शिळेवरच्या मोकळ्या ओळीवरून एकदा हात फिरवला आणि ते गाडीकडे चालू लागले.

पौर्णिमेला शिळेचं अनावरण झालं. तळाची मोकळी ओळ वाया जाऊ दिली नव्हती. तिथे ‘सौजन्य’ लिहून भाऊंचं नाव कोरलं होतं. निवडणूक आली होती आणि त्यांची माणसं दापोडीपर्यंत पोचली होती. पडदा ओढायला कमिटीने सुभेदारांना बोलावलं. ते जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण आमंत्रण द्यायला वहिनी स्वतः रावेतला येऊन गेल्या होत्या. तुम्ही नाही आलात तर वस्ती म्हणेल माझ्यामुळे रागावले, असं म्हणाल्या होत्या.

वंदना झाली. सुभेदारांनी दोरी ओढली. अध्यक्षांनी त्यांना शाल पांघरली आणि दोन शब्द बोलायला माइक पुढे केला. त्यांनी माइक घेतला. शिळेवरची नावं वरपासून खालपर्यंत वाचत आहेत असं त्यांच्या नजरेवरून दिसत होतं. शेवटच्या ओळीपाशी नजर बराच वेळ थांबली. मग त्यांनी माइक अध्यक्षांच्या हातात परत दिला.

“साहेबांच्या भावना अनावर झाल्या आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांच्यासाठी एकदा जोरदार टाळ्या.”

खिरीच्या पातेल्याशी वाटप करत असलेल्या वहिनींनी पळी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि सगळ्यांबरोबर त्याही टाळ्या वाजवू लागल्या.